कोठा भाड्याने देणे नाही

अरेरा कॉलनीतल्या माझ्या टेबलावर गेले चार महिने एक कागद पडून आहे. मुलताई तहसिलीतल्या आमच्या गावी वडिलोपार्जित कोठा आहे. तो आणि त्याच्या भोवतालची जमीन शेतीकडून व्यापारी वापराकडे वळवायची, म्हणजे आमच्या मध्यप्रदेशी बोलीत 'डायव्हर्शन' करायचे, तर घेणाऱ्याला सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या हव्या आहेत. पाच झाल्या. सहावी माझी. ती मी केलेली नाही आणि करणारही नाही. का करणार नाही ते पुतण्याला तोंडी सांगून झाले; त्याला पटले नाही. पण खरे सांगायचे तर माझा राग त्याच्यावर नाहीच. ज्यांच्यावर आहे ते गावात राहत नाहीत, माझ्याच गल्लीत राहतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

योजना अशी. एका इव्हेंटवाल्याने कोठा पंधरा वर्षांच्या करारावर घ्यायचा. आत गुळगुळीत फरशी, वातानुकूलन, आढ्याला झुंबरे. बाहेर खळ्याच्या जागी हिरवळ आणि पलीकडे मोटारींसाठी डांबरी पटांगण. लग्ने, लग्नाआधीची छायाचित्रे, कंपन्यांची संमेलने. भोपाळ-नागपूर महामार्ग जवळ असल्याने दोन्हीकडची गिऱ्हाइके येतील. नाव 'द ग्रॅनरी'. 'कोठा' हे नाव ठेवता येणार नाही, कारण हिंदीत त्या शब्दाचा अर्थ काय होतो हे या अंकाच्या दुभाषी वाचकांना मी सांगायला नको. हे सांगताना पुतण्या जमिनीकडे पाहत होता. म्हणजे आमच्या घराने पिढ्यान्‌पिढ्या ज्याला ज्या नावाने हाक मारली, ते नावच पहिल्या बैठकीत लाजिरवाणे ठरले. बाकीचे काय उरणार होते?

ज्यांनी वऱ्हाडाकडचा कोठा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दगडमातीच्या, दोन हात रुंद भिंती. सागवानी खांब, त्यांवर तुळया, वर कवेलू. डाव्या अंगाला गव्हाण आणि बैलांचे खुंटे, वर कडब्याचा माळा. उजव्या अंगाला भिंतीतच बांधून काढलेली बळदे. वरून धान्य ओतायचे, खालच्या भोकातून काढायचे. ते भोक चिंधीचा बोळा कोंबून शेणामातीने लिंपलेले असे. त्यापुढे तुरट्यांच्या, बांबूच्या ढोल्या. ज्वारीत कडुनिंबाचा पाला घातलेला असे, आणि त्या पाल्याचा, शेणाचा, जुन्या धान्याच्या भुकटीचा मिळून जो वास होता तो आजही आत पाऊल टाकले की येतो. छप्पनिया काळानंतर, म्हणजे १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर, पणजोबांनी तो बांधला असे घरात सांगत. कागद नाही. पण दाराला दोन अडसर का, आणि खिडकी एकही का नाही, हे ज्याने उपासमार पाहिली आहे त्याला विचारावे लागत नाही.

मी कोठ्याचे देव्हारे माजवायला निघालेलो नाही. त्या बळदांतून गावाला वाईट साली ज्वारी मिळाली हे खरे. ती सवाईने आणि प्रसंगी दिढीने मिळाली हेही तितकेच खरे. एक पायली न्यायची आणि सुगीत सव्वा किंवा दीड परत आणायची. फेडता आली नाही म्हणून कुणाची बैलजोडी आमच्याच खुंट्याला आली असेल. आमच्या घरातले लोक ही गोष्ट सांगताना आवाज खाली आणत. गावात अशी घरे आहेत, ज्यांना हा कोठा उद्या कोसळला तरी दोन घास जास्त जातील. त्यांचे मला पटते. पण म्हणूनच तर त्यावर झुंबर टांगू नये! देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, दोघांचाही हिशेब त्या भिंतीत आहे. भिंत 'रस्टिक' झाली की दोघांचाही पुसला जातो आणि उरतो तो फक्त फोटोमागचा पडदा.

कोठा रिकामा कसा झाला हेही नीट सांगितले पाहिजे, नाहीतर सगळे खापर इव्हेंटवाल्याच्या माथी फोडून आपण मोकळे होऊ. तो बिचारा शेवटी आला. आधी सोयाबीन आले. ज्वारी घरात खायची, बैलाने कडबा खायचा, म्हणून दोन्ही साठवायला कोठा लागे. सोयाबीन कुणी घरात खात नाही. ते मळणीयंत्रातून निघते ते थेट मंडीत. ट्रॅक्टर आला, बैल गेले, गव्हाण गेली. १९६५ साली अन्न महामंडळ निघाले, पुढे सरकारी खरेदी आणि रेशन गावोगाव पोहोचले आणि दुष्काळासाठी घरात धान्य ठेवण्याची धास्ती संपली. ही धास्ती संपली हे फार चांगले झाले. तिच्याबरोबर कोठ्याचे कामही संपले एवढेच.

आता माझ्या गल्लीकडे वळतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली, नागपूरची राजधानी गेली आणि भोपाळची आली. सचिवालयातली मराठी माणसे फायलींच्या पेट्यांबरोबर इकडे आली. माझे वडील त्यांतले. पुढे अरेरा कॉलनीत प्लॉट पडले, आणि गावाकडची शेती बटईने देऊन आम्ही ई-अमुक, ई-तमुकचे रहिवासी झालो. बिट्टन मार्केटच्या हाटात ज्वारीची भाकरी करायला पीठ कुठे मिळेल याची चौकशी करणारे आम्हीच. आमच्या मुलांची लग्ने शहरातल्या मॅरेज गार्डनमध्ये झाली. नातवंडांना ती जागा 'बोअर' वाटते. त्यांना माती हवी, जुने लाकूड हवे, बैलगाडीतून येणारी नवरी हवी. गेल्या हिवाळ्यात आमच्या ओळखीच्या एका लग्नात प्रवेशद्वाराशी नवी कोरी कणगी ठेवली होती आणि तीत गुलाबाच्या पाकळ्या भरल्या होत्या. शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "किती आपलं वाटतं नाही हो?" मी हो म्हणालो. लग्नघरी दुसरे काय म्हणणार? पण घरी येईपर्यंत हिला ऐकवत राहिलो, आणि ही म्हणाली, तिथे का नाही बोललात? म्हणून आता बोलतो. हा धंदा आपण उभा केला आहे. ज्यांनी कोठे सोडले तेच आता त्यांचे गिऱ्हाईक आहेत.

मराठीत एखाद्या गोष्टीचा सुळसुळाट झाला की आपण म्हणतो, अमक्याचे पेव फुटले. लॉन्सचे पेव फुटले, मॅरेज गार्डनचे पेव फुटले, बेळगावकडे कल्याण मंटपांचे पेव फुटले. बोलणाऱ्या किती जणांना आठवते की पेव म्हणजे जमिनीखालचे धान्याचे कोठार? सीमाभागातल्या वाचकांना निदान कानडीतले 'हगेव' तरी ठाऊक असेल. सांगलीजवळ कृष्णाकाठच्या हरिपूरला हळदीची पेवे होती. तोंड माणूस उतरेल एवढेच, आत मोठी कोठी, आणि मातीचा गुण असा की हळद वर्षानुवर्षे टिके. पेव उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नसे; आतली कोंडलेली हवा जीव घेई. सांगलीच्या हळदपेठेचे नाव देशभर झाले त्यात या खड्ड्यांचा वाटा मोठा होता. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरले, हळद कुजली आणि त्या धंद्याचा कणाच मोडला. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा वस्तूचे नाव राखले गेले. ती जिथे मुरली त्या जागेचे कौतुक मागेच पडले होते. शब्द आपण वाक्प्रचारात ठेवला, वस्तू बुजू दिली.

आणि हे फक्त खेड्यातल्या अडाणी कोठ्यांचेच झाले आहे असे नाही. सप्टेंबर २०१९ मधली बातमी आठवा. महाराष्ट्रातले २५ किल्ले पर्यटन महामंडळामार्फत दीर्घ मुदतीने भाड्याने द्यायचे, तिथे हॉटेले आणि लग्नसमारंभ व्हायचे, असे जाहीर झाले आणि महाराष्ट्र पेटला. निवडणूक तोंडावर होती. शिवरायांच्या इतिहासाशी जोडलेल्या किल्ल्यांना हात लागणार नाही, विचार आहे तो 'वर्ग दोन'च्या असंरक्षित किल्ल्यांपुरता, असा खुलासा सरकारने केला आणि पुष्कळांचा राग तिथेच विझला. मला त्या रागाचा आदर आहे. मीही इथे बसून दोन पत्रे लिहिली होती. पण तो राग बुरुजांसाठी होता, तटांसाठी होता, तलवारीसाठी होता. 'वर्ग दोन' म्हटल्यावर आपण गप्प का बसलो? किल्ल्यावर लढाई वर्षातून एखादे वेळी होत असेल, धान्य रोज लागे. पन्हाळ्यावर जा आणि अंबरखाना पाहा. गंगा, यमुना, सरस्वती अशी नद्यांची नावे धान्याच्या कोठ्यांना दिली आहेत. गंगेची क्षमता २५,००० खंडी सांगतात. बाहेरून जिना चढून छतावर जायचे आणि छताच्या झरोक्यांतून धान्य आत सोडायचे. आमच्या बळदाचीच रीत, फक्त राजाच्या मापाची. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा महिनोन्‌महिने पडला तेव्हा महाराज आत तग धरू शकले. विशाळगडाकडची ती रात्र आपण पोवाड्यात गातो. त्याआधीच्या शेकडो रात्री गडावरच्या शिबंदीने काय खाल्ले, हे गात नाही. २०२५ साली पन्हाळ्यासह १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. अंबरखाना त्या छत्राखाली सुरक्षित आहे. त्याची हजारो धाकटी भावंडे गावोगाव 'वर्ग दोन'मध्येसुद्धा बसत नाहीत.

यावर नेहमी येणारे उत्तर मला पाठ आहे. वापरात नसलेली इमारत पडते. वापरात आणली तर निदान उभी राहते. तुम्हा लोकांना उभी इमारत नको, पडका पावित्र्यभाव हवा. हे उत्तर मूर्खपणाचे नाही. आमच्या भोपाळातच मिंटो हॉल पाहा. १९०९ साली पायाभरणी झाली, पुढे तिथे कॉलेज भरले, १९५६ पासून १९९६ पर्यंत विधानसभा भरली, २०१८ साली तिचे संमेलनगृह झाले आणि २०२१ साली मूळचे धारचे कुशाभाऊ ठाकरे यांचे नाव तिला दिले गेले. नावावरून वाद होईल, वापरावरून माझा वाद नाही. ती वास्तू माणसांच्या जमावासाठीच बांधली होती. जमाव बदलत गेले. मोठे दालन मोठेच दालन राहिले. कोठ्याचे तसे नाही. तो माणसांसाठी बांधलेलाच नाही. तो हवा, उजेड आणि माणूस बाहेर ठेवण्यासाठी बांधला. लग्नाला तर नेमके हेच तीन लागतात. मग खिडक्या पाडाव्या लागतात, बळदे फोडावी लागतात कारण ती जागा अडवतात, गव्हाण उखडावी लागते कारण नवरीच्या शालूला अडते. आमच्या कोठ्याच्या नकाशावर या तिन्ही गोष्टींवर लाल रेघ मारलेली मी पाहिली. उभे राहणार होते ते सागवानी खांब. म्हणजे ज्यामुळे तो कोठा होता ते सर्व जाणार आणि ज्यामुळे तो कुठलेही जुने घर वाटू शकतो तेवढे राहणार. याला टिकवणे म्हणतात काय?

गवंड्याची बाजूही ऐका. मातीची भिंत श्वास घेते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि पाच-सात पावसाळ्यांत भिंत पोटातून सुटते. बाहेरून मात्र गुळगुळीत दिसते. डीजेच्या दणक्याने काचेचे ग्लास थरथरतात ते आपण पाहतो. कवेलू सरकतात ते कुणी पाहत नाही. कोरडे सागवान, कापडी मांडव, विजेच्या वायरींची जाळी आणि आचाऱ्याच्या भट्ट्या एकत्र आणण्यात काय शहाणपण आहे? पंधरा वर्षांनी करार संपेल तेव्हा इव्हेंटवाला दुसरीकडे गेलेला असेल. तोवर 'रस्टिक'ची हौसही दुसरीकडे गेलेली असेल. कागदावरची शेतीही गेलेली असेल, आणि एकदा गेलेली शेती कागदावर परत आलेली मी तरी पाहिलेली नाही.

परदेशातले एक उदाहरण देतो, कारण 'बार्न वेडिंग' ही हौस तिकडूनच आली. इंग्लंडात जुन्या शेतकोठारांची लग्नघरे करणे हा आता मोठा धंदा आहे. पण त्याच देशात लंडनच्या विमानतळाला लागून हार्मंड्सवर्थ नावाचे गाव आहे. तिथे १४२६-२७ साली बांधलेले लाकडी कोठार आहे, जवळजवळ ६० मीटर लांब. ते एका कंपनीच्या हाती जाऊन दुरुस्तीविना खंगत होते. इंग्लिश हेरिटेजने ते विकत घेतल्याचे २०१२ च्या आरंभी जाहीर झाले, मग लाकूडकाम आणि छत नीट केले गेले. आज गावचे स्वयंसेवक ठरावीक रविवारी ते उघडतात. आत काही नाही. कोठार आहे, तेवढे पाहायचे. पैशाच्या देशाला हे परवडते, आम्हाला कसे परवडेल, असे पुतण्या म्हणाला. म्हणाला ते बरोबर आहे. पण मग आपल्याला परवडेल असे काय, हा पुढचा प्रश्न त्याने विचारला नाही आणि तो विचारायला मीही इतकी वर्षे गावी गेलो नव्हतो.

कोठ्यात लग्न होऊच नये असे माझे म्हणणे नाही, हे इथे स्पष्ट करतो, नाहीतर उद्या कुणी मला सोवळ्यात बसवेल. माझ्या आत्याचे लग्न त्याच खळ्यात झाले. वैशाखात लग्ने का लागतात? मुहूर्त असतात हे खरे, पण सुगी संपलेली असते, खळे सारवलेले आणि मोकळे असते, हातात पैसा आणि बळदात धान्य असते. पंगत कोठ्याच्या सावलीत बसे. आठ दिवसांनी मांडव निघे आणि मृगाआधी शेतीची अवजारे पुन्हा आत येत. लग्न कोठ्याचे पाहुणे होते. पाहुण्याने येऊन घरधन्याचे नाव बदलावे, त्याच्या चुली फोडाव्या आणि फाटकावर पहारेकरी बसवावा, ही नवी रीत आहे. त्या पहारेकऱ्याचा विचार मला सर्वात जास्त छळतो. ज्यांच्या आजोबांनी दिढीने ज्वारी नेली त्यांची नातवंडे त्या फाटकातून आत जातील ती वाढप्याच्या पोशाखात. दुसऱ्या कुठल्या वाटेने जातील, ते मला पुतण्याने सांगावे.

मग कोठ्यात ठेवायचे काय? याचे उत्तर द्यायला मी विद्वान लागत नाही, दोन माणसांची नावे पुरेत. आमच्याच राज्यात सतना जिल्ह्यातल्या पिथौराबादचे बाबूलाल दाहिया. त्यांनी धानाचे शंभरांहून अधिक देशी वाण जपले, शेतीच्या जुन्या अवजारांचे आणि घरगुती वस्तूंचे संग्रहालय आपल्या गावी उभे केले. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांची देशी बियाण्यांची बँक आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. या दोघांना बियाणे ठेवायला जागा लागली. आपल्याकडे ज्या जागा फक्त त्यासाठीच बांधल्या होत्या त्या मोकळ्या पडल्या आहेत, आणि आपण त्यांत नाचायची सोय करतो आहोत. मुलताईकडच्या ज्वारीचे, तुरीचे, वाटाण्याचे जे काही जुने बियाणे अजून म्हाताऱ्यांच्या गाडग्यात असेल ते एका बळदात मावेल. बाकीचा कोठा गावातल्या शेतकरी गटाला अवजारांसाठी द्यावा. वैशाखात गावाच्या लग्नांना खळे मोकळे ठेवावे, भाडे घ्यावे, पण डायव्हर्शन नाही, सिमेंट नाही, रात्री दहानंतर भोंगा नाही. यातून झुंबराइतका पैसा येणार नाही. शाकारणीचा निघेल.

पुतण्याला फोनवर हे सगळे सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "काकाजी, तुमी भोपाळात बसून सांगता जी. मागच्या साली आषाढात उजवीकडची कवेलू उडाली तवा मी एकटाच वर चढलो होतो. तुमी एकडाव या, न् वर चढून पाहा."

वय पंच्याहत्तर, वर चढणे मला जमणार नाही हे त्यालाही ठाऊक आहे. पण त्याचे बोलणे खोटे नव्हते. कागद मी सही न करता परत पाठवतो आहे. सोबत शाकारणीच्या खर्चाचा माझ्या हिश्श्याचा धनादेश आहे, आणि मागच्या पंधरा वर्षांचा जो हिस्सा मी कधी दिलाच नाही त्याचाही. पौषात गावी जाणार आहे. शिडी धरायला.